दादांच्या फाइलमधल्या दोन ओळी

त्या तपासनिसाचं काही चुकलं नव्हतं, हे मी आज कबूल करते. त्या दिवशी मात्र मला त्याचा असा राग आला होता की विचारू नका. माणूस सकाळी दहाला आला, हॉस्पिटलातल्या आमच्या कॉम्प्युटरच्या खोलीत एक चक्कर मारली, मुख्य टर्मिनलसमोर उभा राहिला आणि पेन काढून लिहायलाच लागला. खुर्चीत कुणी नव्हतं. स्क्रीनवर खाली लॉगिनचं नाव विचारत कर्सर लुकलुकत होता. पण त्याच्या वर, आधीचा माणूस लॉगआउट करून गेला तेव्हाच्या वीस-पंचवीस ओळी तशाच होत्या. त्यात तीन रुग्णांची नावं, वॉर्ड आणि औषधं.

"हे येणारा-जाणारा कुणीही वाचू शकतो," तो म्हणाला.

"येणारा-जाणारा इथे येतोच कुठे? चहावालासुद्धा दारातून परत जातो."

"मी आलो ना," तो म्हणाला.

मग नेहमीप्रमाणे काम माझ्या गळ्यात पडलं. आमच्या खोलीत खाती चार जणांची. दोघं दुपारच्या पाळीचे, त्यांची तोंडं मी जाता-येता बघते तेवढीच. सकाळच्या पाळीला मी आणि दादा. दादा म्हणजे माझे थोरले दीर. घरी खालच्या मजल्यावर ते आणि माझी जाऊ, वरच्या मजल्यावर आम्ही. हॉस्पिटलात एका टेबलावर ते, शेजारच्या टेबलावर मी. अशी एकोणीस वर्षं झाली. नवऱ्याच्या वाट्यालासुद्धा मी दिवसाचे इतके तास आलेले नाही. हे काम मला दादांनीच शिकवलं आणि इथे चिकटवलंही त्यांनीच. हॉस्पिटलातले निम्मे प्रोग्रॅम त्यांच्या हातचे आहेत, आणि राहिलेल्या निम्म्यांत त्यांनी कधी ना कधी नाक खुपसलेलं आहे.

त्यांचा एक नियम होता. खुर्ची सोडली की लॉगआउट. चहाला जा, फोन घ्यायला उठा, पेन पडलं म्हणून वाका, आधी लॉगआउट. मी पहिल्या वर्षी या नियमापायी इतकी बोलणी खाल्ली की अजून घरच्या टीव्हीसमोरून उठताना हात वळवळतो. आणि लॉगआउट केल्यावर स्क्रीन तशीच राहायची. पुढचा माणूस येऊन वरच्या ओळी वाचायचा, कुठलं काम झालं, कुठलं अडलं, सगळं कळायचं. वेगळी वही नाही, निरोपानिरोपी नाही. वीस वर्षं असंच चाललं होतं.

ते मला बंद करायचं होतं. काम तसं पाच मिनिटांचं. आपण टाइप केलेलं मशीनपर्यंत पोचवणारा जो शेल असतो, तो निरोप घेताना प्रत्येकाच्या खात्यातली एक फाइल वाचतो. नावाआधी टिंब असलेली, एरवी न दिसणारी फाइल. त्यात जे लिहिलंय ते करायचं आणि मग जायचं. मी चौघांच्या खात्यांत ती फाइल केली आणि लिहिलं, जाताना स्क्रीन पुसून जा.

दादा मागे येऊन उभे राहिले. "कशाला गं? राहू दे की तसंच."

"मी राहू देते हो, पण तो वरती रिपोर्ट देणार आहे."

"देऊ दे. पुसायची काही गरज नाही."

एवढं बोलून ते गेले नाहीत, तिथेच उभे राहिले. नियमाच्या बाबतीत तपासनिसाच्याही वरताण असलेला हा माणूस, आणि याला यातच काय एवढं वाईट वाटलं, मला कळेना. दिवसभराचं काम पडलं होतं, खांदे दुखत होते. मी फटकन म्हणाले, "दादा, तुमच्या हट्टापायी मी कुणाची बोलणी खाऊ आता?" ते जागेवर गेले.

पुढच्या दोन-तीन दिवसांत एक गोष्ट मला दिसत होती. दादा लॉगिन करायच्या आधी शिफ्ट दाबून वरच्या पानाचं बटण दाबायचे. मी स्क्रीन पुसली होती, पण वर सरकलेल्या ओळी मशीन थोडा वेळ सांभाळून ठेवतं. त्या ते खाली ओढून वाचायचे आणि मग कामाला लागायचे. मला वाटलं, जुनी खोड. तपासनीस पुन्हा आला तेव्हा त्यानंही नेमकं तेच बटण दाबलं. कपाळाला हात लावला मी. चौघांच्या फाइलींत आणखी एक ओळ घातली, मागचं साठवलेलंही साफ करणारी. आता लॉगआउट म्हणजे पाटी कोरी. तपासनीस खूष झाला, मी सुटले.

सहाव्या दिवशी मोठ्या सिस्टर आमच्या खोलीत आल्या. त्या कधी खाली येत नाहीत, फोनवरच ओरडतात. हातात दोन कागद होते. दोन्हींवर बायकांच्या वॉर्डची दुपारच्या औषधांची यादी, अक्षर न अक्षर सारखी.

"अकराला एक आली. साडेअकराला दुसरी आली," त्या म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता, म्हणून मला जास्त भीती वाटली. "पहिल्या यादीची औषधं देऊन झाली होती. मग आमच्या दुसऱ्या सिस्टरनं नवी यादी म्हणून ती घेतली. खिडकीजवळच्या आजींना दुसरं इन्सुलिन द्यायला ती सुई घेऊन उभी होती. आजींनीच विचारलं, की मगाशी टोचलंत ते कुणाचं होतं? त्यांनी विचारलं नसतं तर?"

ही यादी रोज अकराला दादा पाठवतात. एक कमांड, आणि सात वॉर्डांच्या प्रिंटरवर कागद पडतात. मी नोंदींची फाइल उघडली. अकरा वाजून चार मिनिटं, दादांचं खातं. अकरा वाजून एकतीस मिनिटं, दादांचं खातं. मधे ते चहाला गेले होते.

"मशीननं घोळ केला," मी म्हणाले. "आजच बघते."

खोटं बोलायला मला फार वेळ लागला नाही, याचं मलाच नवल वाटलं. दादा त्या वेळी वरती लेखा विभागात होते. आले तेव्हा मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "आज यादी दोनदा पाठवलीत का?"

"दोनदा? काय वेड लागलंय का मला?" ते हसले. "एकदाच पाठवली. तू जेवलीस का?"

जेवणाची सुट्टी होऊन तासभर झाला होता. आणि आम्ही दोघं एकाच टेबलावर जेवलो होतो.

संध्याकाळी मी वर न जाता खालच्या मजल्यावर गेले. जाऊ ओट्याशी भाजी चिरत होती. दादा बाहेर पेपर वाचत बसले होते. मी म्हटलं, "वहिनी, दादांचं काही बिनसलंय का?"

तिनं सुरी खाली ठेवली. माझ्याकडे न बघताच बोलायला लागली. सकाळी आंघोळ करून आलेले दादा तासाभरानं पुन्हा टॉवेल घेऊन निघतात. हाच पेपर ते दुपारीसुद्धा नवा म्हणून वाचतात. गोळी घेतली की ती डबीवर तारीख लिहून ठेवते, नाहीतर दुसरी घेतील. वर्ष होत आलं. मुलीलासुद्धा तिनं सांगितलेलं नव्हतं.

"अहो, मग मला तरी सांगायचं! मी रोज शेजारी बसते त्यांच्या."

"तू काही बोलली नाहीस, म्हणून मला वाटलं तिथे ठीक आहे. तिथे करतात ना गं सगळं नीट?"

आणि मग माझ्या डोक्यात उजेड पडला. तिथे ते सगळं नीट करत होते, कारण खुर्चीत बसायच्या आधी स्क्रीन त्यांना सांगत होती. यादी पाठवली, तिची ओळ वर आहे. नाही पाठवली, ओळ नाही. घरी वहिनी डबीवर तारीख लिहायची, ऑफिसात तेच काम स्क्रीन करत होती. ती मी पुसली. एकदा पुसून भागलं नाही, तर दुसऱ्यांदा येऊन मुळापासून पुसली. मला स्वतःच्या दोन मुस्कटात द्याव्याशा वाटल्या.

"निवृत्तीला आठच महिने राहिलेत," जाऊ म्हणाली. तिनं माझा हात धरला, तिची बोटं भाजीनं ओली होती. "मानानं बाहेर पडू दे त्यांना. एवढं सांभाळून घे. मी तुझ्या पाया पडते."

"काहीतरीच काय वहिनी," मी म्हणाले. आणि हो म्हटलं.

दुसऱ्या दिवशी लवकर जाऊन मी दादांच्या फाइलमधल्या त्या दोन ओळी काढून टाकल्या. फक्त त्यांच्या. आता ते लॉगआउट करतील तेव्हा त्यांची स्क्रीन पूर्वीसारखी राहणार होती. तपासनीस आला तर बघू. शिवाय यादीच्या प्रोग्रॅममध्ये मी एक अडवणूक घातली. आजची यादी एकदा गेली असेल तर तो दुसऱ्यांदा पाठवणार नाही, 'आजची यादी आधीच गेली आहे' एवढं सांगून थांबेल. वीस वर्षांत अशी अडवणूक कुणी घातली नव्हती, कारण वीस वर्षांत यादी कुणी दोनदा पाठवली नव्हती.

ते पुढचे दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. माझं काम करायचं आणि एक डोळा त्यांच्या टेबलावर ठेवायचा. ते उठले की माझा जीव वरखाली. त्यांनी पाठवलेलं प्रत्येक पत्र मी मागून उघडून बघायची. घरी आले की मी पाय पसरून बसायची ती बसायचीच, नवरा म्हणायचा, "तुला झालंय तरी काय?" त्याच्या सख्ख्या भावाचं कसं सांगू? वहिनीनं शब्द घेतला होता. रोज जिन्यात ती नजरेनं विचारायची आणि मी मान हलवायची, की आजचा दिवस गेला.

असे अकरा दिवस गेले. बाराव्या दिवशी दादांनी अकराला यादी पाठवली, मी बघितली. ते चहाला उठले, लॉगआउट केलं. तेवढ्यात प्रयोगशाळेतून फोन आला की त्यांचे रिपोर्ट अडकलेत. ते दादांच्या टेबलावरच्या मुख्य टर्मिनलवरूनच सोडवावे लागतात. मी दादांच्या खुर्चीत बसले, माझ्या खात्यानं लॉगिन केलं, रिपोर्ट सोडवले आणि उठताना नियमाप्रमाणे लॉगआउट केलं. स्क्रीन कोरी झाली. मी रिपोर्टचे कागद द्यायला शेजारी गेले.

परत आले तर दादा खुशीत होते.

"अगं, तो यादीचा प्रोग्रॅम कुणीतरी बिघडवून ठेवला होता," ते म्हणाले. "पाठवूच देईना. म्हणे आधीच गेली आहे! आत बघितलं, तर कुणीतरी नसत्या चार ओळी घुसवलेल्या. काढून टाकल्या. आत्ता पाठवली."

त्यांच्या फाइलमधून मी ओळी काढल्या होत्या, पण माझी फाइल तशीच होती. आणि स्क्रीन काय, सगळ्यांची मिळून एकच. त्यांच्या खुणा मीच माझ्या हातानं पुसून गेले होते. आणि दादा काय कमी हुशार? माझी अडवणूक शोधून काढायला त्यांना पाच मिनिटंसुद्धा लागली नव्हती. सकाळी यादी पाठवल्याचं आठवत नव्हतं, पण प्रोग्रॅम कसा लिहायचा ते हातात पक्कं होतं.

मी फोन उचलला. तीन वॉर्डांत लागला. "दुसरी यादी फाडा, फाडा आधी, कारण नंतर विचारा." उरलेल्या चार ठिकाणी कुणी उचलेना. मग मी धावले. सत्तेचाळीस वर्षांची बाई, गुडघे दुखतात, चार मजले, लिफ्टची वाट बघायला धीर नाही. मुलांच्या वॉर्डात कागद अजून प्रिंटरवरच होता. पुरुषांच्या वॉर्डात सिस्टर तो वाचत होत्या, मी त्यांच्या हातातून ओढून घेतला. बायकांच्या वॉर्डात मोठ्या सिस्टरनीच तो बाजूला काढला होता. शेवटच्या वॉर्डात गोळ्या वाट्यांत काढून झाल्या होत्या, अजून कुणी गिळल्या नव्हत्या. मी तिथेच एका रिकाम्या कॉटवर बसले. धाप लागली होती आणि डोळ्यांतून पाणी येत होतं. एक रुग्ण बाई मला स्वतःच्या बाटलीतलं पाणी देऊ लागली.

मोठ्या सिस्टर माझ्या मागोमाग आल्या होत्या. "पुन्हा मशीन का?" त्यांनी विचारलं.

"नाही," मी म्हणाले. "मागच्या वेळीही नव्हतं. मला आजचा दिवस द्या."

खाली येऊन मी खोलीचं दार लावलं, दादांच्या शेजारी खुर्ची ओढली आणि नोंदींची फाइल त्यांच्यासमोर उघडली. बोलायची हिंमत नव्हती, म्हणून नुसतं बोट ठेवलं. अकरा वाजून दोन. अकरा वाजून चाळीस. दोन्हींपुढे त्यांचं खातं.

त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "ही दुसरी माझी आहे," ते म्हणाले. "ही पहिली कुणाची?"

"तुमचीच, दादा."

मग मी सगळं सांगितलं. शिफ्टचं बटण, आजींची सुई, मी बोललेलं खोटं, वहिनीच्या डब्या, त्यांनी काढलेल्या चार ओळी माझ्या होत्या ते. त्यांनी एकदाही मला तोडलं नाही. वादही घातला नाही. तो घातला असता तर बरं वाटलं असतं मला.

"त्या आजी वाचल्या ना?" त्यांनी विचारलं.

"वाचल्या. घरी गेल्या."

"स्क्रीन पुसू नको असं मी तुला म्हणालो होतो का गं?"

"म्हणाला होतात."

"का, ते सांगायला हवं होतं मी," ते म्हणाले. "लाज वाटली. तुझ्यासमोर वाटली." मग खिडकीकडे बघत बसले. थोड्या वेळानं वळून त्यांनी विचारलं, "त्या आजी वाचल्या ना?"

"वाचल्या, दादा."

त्यांनी ड्रॉवरमधून कोरा कागद घेतला आणि निवृत्तीचा अर्ज लिहिला. आजपासूनच मोकळं करावं, असं. अक्षर नेहमीसारखं टपोरं, एक खाडाखोड नाही. मी म्हटलं, "दादा, आठ महिने आहेत, रजा काढा, मी बघते काहीतरी." खरं तर मला तसं वाटतही नव्हतं, तोंडातून गेलं. ते म्हणाले, "तू किती दिवस धावशील?" अधीक्षकांकडे ते एकटे गेले. आले तेव्हा मला म्हणाले, माझं खातं बंद कर. ते काम मीच केलं.

वहिनी त्या संध्याकाळी माझ्याशी बोलली नाही. जिन्यात भेटली तर तोंड फिरवून आत गेली. मला त्याचं काही वाटलं नाही म्हणाले तर खोटं होईल. शनिवार, रविवार असेच गेले. दादा मात्र मजेत होते.

सोमवारी सकाळी मी पिशवी घेऊन खाली उतरले. दादा दाराशी खुर्चीत बसले होते. इस्त्रीचा शर्ट, पायात बूट, मांडीवर डबा. घड्याळ बघत होते.

"चल, उशीर केलास," ते म्हणाले.

आतल्या दारात वहिनी उभी होती. डोळे सुजलेले. शुक्रवारनंतर पहिल्यांदा ती माझ्याशी बोलली, "सकाळपासून दोनदा सांगितलं गं. मला वाटतं मीच अडवतेय असं त्यांना वाटतं. आता तू सांग. माझ्याच्यानं होत नाही."

मी पायरीवर बसले. "दादा, तुम्ही निवृत्त झालात. शुक्रवारी अर्ज दिलात."

"मी?" त्यांचं हसू गेलं. "का?"

"औषधांची यादी दोनदा गेली. दोन वेळा असं झालं."

"माझ्या हातून?"

"हो."

"कुणाला काही झालं?"

"नाही. कुणाला काही झालं नाही."

त्यांनी ते ऐकलं. डब्याचं झाकण उगाच दाबून बघितलं. "अर्ज कुणी लिहायला लावला मला?"

"कुणी नाही. मी थांबवत होते. तुम्ही तुमच्या हातानं लिहिलात."

"मग बरं केलं," ते म्हणाले, आणि वाकून बुटाची नाडी सोडायला लागले. गाठ बसली होती, सुटेना. एका पायाची मी सोडवली. माझ्या डोक्यावरून त्यांनी विचारलं, "आता यादी कोण पाठवतं?"

"मी पाठवते."

"बघून पाठवत जा."

"हो, दादा."

कोपऱ्यापर्यंत मी नीट चालत गेले आणि तिथे उभी राहून भर रस्त्यात रडले. हॉस्पिटलात पोचायला वीस मिनिटं उशीर झाला. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा.

मंगळवारी मी खाली उतरले, तर दादा दाराशी बूट घालून बसले होते. मी पिशवी खाली ठेवली, पायरीवर बसले आणि पहिल्यापासून सांगायला लागले.